प्रयोगवाडीचा वसा

दोन वर्षांमागच्या चातुर्मासात मी एक मालिका सोडली, आणि त्या मालिकेतलं गाव चार महिने बंद पडलं.

बंद पडलं म्हणजे माणसं जिथं होती तिथं थांबली. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर राहिला. अनसूयाबाईंनी दूध गॅसवर ठेवलं होतं, त्यावर साय धरायची राहिली. हे सगळं माझ्यामुळं झालं. मुद्दाम केलं नाही, पण झालं. म्हणून सांगते.

चातुर्मासात काहीतरी सोडायचं ही आमच्याकडची रीत. लग्न होऊन नेवरगावात आले त्या वर्षी मी वांगी सोडली. मग कांदा-लसूण, मग चहातली साखर, एक वर्ष पायातली चप्पल. साठी आली तशी अडचण अशी झाली की सोडण्याजोगं फारसं उरलं नाही. वांगी आता मला आवडतही नाहीत. नावडतं सोडून देवाला काय तोंडानं सांगायचं? आमच्या सासूबाई म्हणायच्या, "सोडताना ज्याच्यासाठी हात थरथरतो ते सोडावं. बाकी सगळी काटकसर."

त्या वर्षी मागणं मोठं होतं. माझी मुलगी मृण्मयी, तिला दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. तिसऱ्यांदा राहिले तेव्हा तिनं पाचव्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलंच नाही. मलासुद्धा नाही. सांगितलं तेही फोनवर, हळूच, जसं काही मोठ्यानं बोललं तर कुणी ऐकेल. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी मी देवापुढं बसले आणि विचार केला, हात थरथरेल असं आपल्याकडं काय आहे? एकच होतं. बुधवारची संध्याकाळी साडेसातची 'प्रयोगवाडी'.

ही मालिका प्रज्ञा वाहिनीवर तेव्हा अकरा वर्षं चालली होती. प्रयोगवाडी हे शास्त्रज्ञांचं गाव. तिथं दूधवालासुद्धा शास्त्रज्ञ. तो दूध मापायच्या आधी म्हशीचा मूड मोजतो. रस्त्यात दोघं भेटले की "काय निरीक्षण?" असं विचारतात, आणि दुसरा "ठीक निरीक्षण" म्हणतो. सरपंच डॉ. गुंड ग्रामसभेत हातातली वही मिटल्याशिवाय कुणाला बसू देत नाहीत. आणि एक नियम फार कडक आहे. वाडीत कुणी जाणूनबुजून खोटं निरीक्षण सांगितलं, तर त्यानं आपल्या प्रयोगशाळेची किल्ली पंचायतीत आणून टांगायची. ते खोटं खरं होईपर्यंत किल्ली परत नाही. अकरा वर्षांत तशी किल्ली दोनच वेळा टांगली गेली. एकदा तर बाप्पा कोष्टी नावाच्या माणसानं पाऊस अर्धा इंच जास्त सांगितला होता, त्याला दोन पावसाळे बाहेर बसावं लागलं.

माझा जीव होता तो अनसूयाबाई लोहोकरे यांच्यावर. माझ्याच वयाच्या. स्वयंपाकघराच्या वर त्यांची प्रयोगशाळा, त्यामुळं कुकरच्या शिट्ट्यासुद्धा वहीत नोंदलेल्या असायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा उदयन धूमकेतूची धूळ आणायला लहानशा यानातून वर गेला होता. निघताना त्यांनी त्याच्या हातावर दही घातलं. सरपंच म्हणाले, "बाई, याला शास्त्रीय आधार काय?" तर यांनी वहीत लिहिलं, "विरजण, एक चमचा, प्रस्थानापूर्वी," आणि वही मिटली. मला तेव्हाच त्या आवडल्या.

मी बघितलेल्या शेवटच्या भागात त्यांनी सांगितलं होतं की उदयन कोजागिरीनंतरच्या बुधवारी उतरेल. यान गच्चीवरचा दिवा बघून उतरणार होतं. तो दिवा त्यांनी स्वतः बनवलेला, आणि तो हातात धरूनच उभं राहायचं होतं, कारण मुलाला दिवा किती उंचीवर आहे ते आईच्या उंचीवरून ठाऊक होतं. दूध गॅसवर ठेवून त्या दिवा तपासायला गच्चीवर चढल्या आणि भाग संपला.

मी म्हटलं, चला, आपलं बघायचं राहील. कुणीतरी सांगेलच पुढं काय झालं ते. मी सोडून जगात बघणारे असतीलच की.

पाणी सोडलं. हात थरथरला.

*

श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी पुरण वाटत होते, तेव्हा दारात एक गृहस्थ आले. उंच, कृश, हातात फाइल. नाव वाघमोडे, प्रज्ञा वाहिनीच्या प्रेक्षक-नोंद विभागात निरीक्षक.

"सौ. कालिंदी खासनीस आपणच का?"

"मीच. बसा ना. पाणी आणू?"

"आधी नोंद घेतो. आपण प्रयोगवाडी बघायचं बंद केलंय."

"हो. चातुर्मासापुरतं."

त्यांनी चातुर्मास हा शब्द लिहून घेतला. "मग बाई, आपल्याला कळवायला मला वाईट वाटतं, की वाडी बंद आहे. पाच आठवडे झाले. प्रेक्षक नसला की वाडी चालत नाही."

"अहो, मी एक नसले तर काय होतंय? बाकीचे प्रेक्षक किती आहेत?"

वाघमोड्यांनी फाइल उलटली, पुन्हा सुलटी केली. "एकूण एक."

"आणि तो कोण?"

"आपण."

आमचे हे आतून आले. हे भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. चौतीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजल्या. त्यामुळं सरकारी छापाचा कागद दिसला की यांना राहवत नाही. हे म्हणाले, "असं कसं? शेजारच्या प्रमिलाबाईंकडं दर बुधवारी लागलेली असते. भिंतीतून आवाज येतो."

"लावतात," वाघमोडे म्हणाले. "बघत नाहीत. जाहिरात लागली की दुसरीकडची सासू बघायला जातात, त्या परत येत नाहीत. आमचं मापक लावणारे मोजत नाही. भाग संपल्यावर 'आता पुढं काय होईल गं बाई' असं ज्याच्या मनात येतं, तेवढेच मोजतं. अकरा वर्षांपूर्वी सव्वा चार लाख होते. मग चाळीस हजार. गेल्या होळीपासून एक."

मला एकदम हातातला वरवंटा जड झाला. मी म्हटलं, "मग हे बघतील माझ्याऐवजी."

"यांची नोंद आहे," वाघमोडे आदबीनं म्हणाले. "चौथ्या मिनिटाला झोप."

"पाचव्या," हे म्हणाले.

मी वाघमोड्यांना पुरणाची पोळी वाढली. त्यांनी दोन खाल्ल्या, मग नमुना सात काढला. 'प्रेक्षकाने अनुपस्थितीचे कारण स्वहस्ते लिहावे.' मी लिहिलं, मुलीसाठी. त्यांनी वाचलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"सक्ती नाही," ते म्हणाले. "पण कोजागिरीनंतरच्या बुधवारी अवतरण आहे. मुलगा उतरायचा आहे. त्या दिवशी तरी प्रेक्षक हवा. वाडी बंद असली तर दिवा लागणार नाही."

"मग पुढच्या बुधवारी उतरेल ना?"

"ते त्यांच्या शास्त्रात बसतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी नोंद विभागाचा."

यांनी मध्येच विचारलं, "वाडी बंद म्हणजे वाडीच्या हद्दीतलं सगळं बंद?"

"हद्दीतलं सगळं."

"आणि आकाश? आकाश हद्दीत येतं का?"

वाघमोड्यांनी नकाशा काढून बघितला. चारी बाजूंनी रेघ होती. उत्तरेला ओढा, दक्षिणेला शाळेची भिंत. "नाही," ते म्हणाले. "आकाश हद्दीबाहेर."

हे उठून आत गेले. मला वाटलं, यांच्या चहाची वेळ झाली.

जाता जाता वाघमोडे दारात थांबले. "बाई, आपल्या व्रतात जाहिराती येतात का? कारण जाहिरातीत वाडीला हलायची मुभा असते. प्रसंग असा घडवता येत नाही, अवतरण तर नाहीच. पण पाय मोकळे करता येतात."

मी दुसऱ्या दिवशी जांभेकर गुरुजींना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "संकल्प मालिकेचा सोडलाय. जाहिरातीला दोष नाही. मात्र जाहिरातीत मन रमू देऊ नका." मग मी भीत भीत दुसरं विचारलं, एक बुधवार मोडला तर? गुरुजींनी उपरणं नीट केलं. "मोडता येतं. त्याला प्रायश्चित्त आहे. पण संकल्प पोरीच्या नावानं ना? मग ती मोकळी होईपर्यंत तरी माझ्या तोंडून मोड म्हणून निघायचं नाही, वहिनी."

*

त्या बुधवारपासून मी एक पद्धत बसवली. साडेसातला टीव्ही लावायचा, पडद्यावर सोवळ्याचं पांघरूण टाकायचं. बाकी सगळा वेळ आवाज नाही, काही नाही. सुरात गाणं सुरू झालं की समजायचं जाहिरात लागली, पांघरूण काढायचं. तीन मिनिटं साबण आणि मसाले बघायचे, पुन्हा झाकायचं.

पहिल्याच जाहिरातीत फोन वाजला.

"काय निरीक्षण?" पलीकडून बाईचा आवाज. अकरा वर्षं ऐकलेला आवाज.

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "ठीक निरीक्षण."

"मी अनसूया लोहोकरे. तीनच मिनिटं आहेत म्हणून थेट विचारते. माझं दूध गॅसवर आहे. मी खाली उतरून गॅस बंद करू शकते, पण मग परत वर येईपर्यंत जाहिरात संपेल आणि मी जिन्यात अडकेन. दूध नासेल का?"

"नाही नासायचं," मी म्हटलं. "थांबलेलं दूध नासत नाही. तुम्ही वरच राहा. जिन्यात उभं राहून पाय धरतील."

"मलाही तसंच वाटलं. पण स्वयंपाकघरात दुसरं मत घ्यावं."

दर बुधवारी असं बोलणं होऊ लागलं. एका भागात जाहिराती दोनदा, सहा मिनिटं. त्यांनी मला धूमकेतूला शेपूट का असते ते सांगितलं, मी त्यांना साखरभाताला पाक कधी होतो ते सांगितलं. "एकतारी म्हणजे नेमका किती जाडीचा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अहो, बोटांत धरायचा आणि कळतं." त्या म्हणाल्या, "हे मी वहीत कसं लिहू?" आणि दोघी हसलो. गच्चीवर त्यांना माझ्यापेक्षा वारा जास्त, एवढंच. बाकी आमच्यात फार फरक नव्हता.

त्यांनी एकदाही विचारलं नाही, की बघायला कधी लागाल.

भाद्रपद सरला. मृण्मयी बाळंतपणाला घरी आली. पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. उठता-बसता पोटावर हात. एका बुधवारी तिनं मला पांघरूण घालताना पाहिलं आणि सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "आई, बघ गं एक भाग. तुझ्या बघण्यानं काही माझं..." आणि तिचा हात पोटावर गेला. मी पांघरुणाची चारी टोकं नीट खोचली.

कोजागिरीच्या आधीच्या बुधवारी मी अनसूयाबाईंना स्वतःच सांगितलं. डॉक्टरांनी मृण्मयीला नेमका पुढचाच आठवडा दिला होता.

"कुणासाठी सोडलंत ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "नमुना सातची एक प्रत आमच्याकडं येते."

"तुमचं काय मत आहे? खरं सांगा. तुम्ही शास्त्रज्ञ."

"तुमचं न बघणं आणि तुमच्या मुलीचं बाळंतपण यांत मला कुठलाही संबंध सापडलेला नाही. मी दोनदा आकडेमोड केली."

"मग मी बघू का? तुम्ही म्हणत असाल तर बघते."

पलीकडं वारा ऐकू येत होता. मसाल्याची जाहिरात संपत आली होती.

"उदयनच्या वेळी," त्या म्हणाल्या, "मी नऊ महिने लोखंडाचा खिळा उशीखाली ठेवला होता. तेव्हाही संबंध सापडला नव्हता. राहू द्या, कालिंदीताई. तुम्ही तुमचं पुरं करा. मी उभी राहते."

"पण तो त्याच्या पुढच्या बुधवारी उतरेल ना? नाहीतर त्याच्या पुढच्या? एकादशीनंतर मी आहेच."

पलीकडं वही मिटल्याचा आवाज आला.

"उतरेल," त्या म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी. काही फरक पडत नाही."

मला हलकं वाटलं. मी देवापुढं साखर ठेवली.

*

त्या बुधवारी दुपारीच मृण्मयीला कळा सुरू झाल्या. दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत मी, हे, आणि भिंतीवर एक टीव्ही. साडेसातला तिथली आया आली. नंदा तिचं नाव, मला ओळखणारी. म्हणाली, "काकू, नुसत्या बसून काळजी कराल. तुमची वाडी लावते," आणि मी नको म्हणेपर्यंत तिनं लावलीसुद्धा.

पांघरूण नव्हतं. मी खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसले. डोळे मिटले, वर पदर घेतला. पाठीमागं आवाज काही नव्हता. आतून मात्र मृण्मयीचा आवाज येत होता.

मी यांना म्हटलं, "तुम्ही बघा. आजच्या दिवस झोपू नका. पाया पडते तुमच्या."

"बघतोय," हे म्हणाले. "बघतोय गं."

बावीस मिनिटं. जाहिरात लागली तेव्हा फोन वाजला नाही. दवाखान्यात फोन बंद ठेवायला लावतात. माझ्या पाठीमागं, सहा फुटांवर एक बाई हातात विझलेला दिवा धरून उभी होती आणि मी नुसती मान वळवली असती तर तो लागला असता. मान माझीच होती. वळवली नाही.

भाग संपायला आणि आतून रडण्याचा आवाज यायला एकच गाठ पडली. नंदा पळत आली. "मुलगी आहे काकू! दोघी ठणठणीत."

मी यांच्याकडं वळले. हे जागे होते. डोळे लाल, टक लावलेले, गालांवरून पाणी.

"मी सगळं बघितलं," हे म्हणाले. "एकदाही पापणी मिटली नाही. पण कुणी हललं नाही गं. माझं ध्यान आत होतं. मोजलं नसेल."

*

नात दोन किलो नऊशे भरली. तिचं नाव अनसूया ठेवावं असं माझ्या मनात होतं, पण नाव ठेवायचा मान आत्याचा. तिनं रीवा ठेवलं. असू दे. तेही चांगलंच आहे.

कार्तिकी एकादशी झाली, द्वादशीला पारणं फेडलं. त्यानंतरच्या बुधवारी मी न्हाऊन, निरांजन लावून, सव्वासातलाच टीव्हीपुढं बसले. रीवाला मांडीवर घेतलं. पांघरूण काढून घडी घातली. साडेसात वाजले आणि वाडी सुरू झाली. न्हाव्यानं वस्तरा पुढं नेला. म्हशीनं शेपटी हलवली. अनसूयाबाईंच्या हातातला दिवा लख्ख लागला.

त्यांनी वर आकाशाकडं बघितलं नाही. दिवा खाली ठेवला, गुडघे धरत जिना उतरल्या, दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला. मग प्रयोगशाळेला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन पंचायतीत गेल्या.

सरपंच डॉ. गुंड उघडी वही घेऊन उभे होते. "काय निरीक्षण?"

"खोटं निरीक्षण," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"तुम्ही? कुणाला सांगितलंत?"

"नेवरगावच्या एका बाईंना. फोनवर. त्यांनी विचारलं, यान पुढच्या बुधवारी उतरेल का. मी म्हटलं, उतरेल."

"आणि खरं काय आहे?"

"वाडी थांबली तरी आकाश थांबत नाही. दिवा लागला नाही, यान पुढं गेलं. त्याची फेरी बारा वर्षांची आहे."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"दोनदा आकडेमोड केली होती."

सरपंचांनी लिहिलं. "यानात अन्न?"

"तेरा वर्षांचं दिलंय. मी भरलंय, जास्तच असेल."

"खोटं का सांगितलंत, ते लिहावं लागेल."

अनसूयाबाईंनी जरा विचार केला. "लिहा, बाळंतपण, एक."

सरपंच पुढं झाले. त्यांनी किल्ली खिळ्यावर टांगली. मी अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना वही न मिटता बसलेलं पाहिलं.

मी रडत राहिले. रीवाच्या मुठीत माझा पदर अडकला होता. हे दारात उभे होते. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हद्दीचं माहीत होतं," हे म्हणाले. "बाकीचं मी विचारलं नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"पोरीचा सातवा होता, कालिंदी."

यांनी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. तीच रुखरुख आहे. माहीत असून मान वळवली नसती, तर ते व्रत झालं असतं. माहीत नसताना वळवली नाही, त्यात माझं काय? जे द्यायचं ते तर अनसूयाबाईंनी दिलं. माझ्या नावावर पुण्य, आणि किल्ली त्यांची खिळ्यावर.

तेवढ्यात जाहिरात लागली आणि फोन वाजला. मी उचलताच म्हटलं, "का नाही सांगितलंत? अहो, का?"

"तीनच मिनिटं आहेत," अनसूयाबाई म्हणाल्या. "बाळाचं वजन किती भरलं?"

"दोन किलो नऊशे."

"रडली लगेच?"

"लगेच."

"मग निरीक्षण ठीक आहे," त्या म्हणाल्या. "कालिंदीताई, ती साखरभाताची एकतारी मला जमली नाही. पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

*

याला आता दोन वर्षं झाली. दहा उरली आहेत. अनसूयाबाई आता घराच्या ओट्यावर बसून कागदावर आकडेमोड करतात, किल्ली नसल्यामुळं प्रयोगशाळेत जाता येत नाही. दर बुधवारी एकदा गच्चीवर जाऊन दिव्याची काच पुसतात. दहा वर्षांनी तो बुधवार येईल, तेव्हा त्यांना दिवा लावता आला पाहिजे, आणि त्यासाठी वाडी चालू पाहिजे. एखादा बुधवार गाठता न आला तर चालतं. पण मधेच कायमची बंद पडली तर कुणाला त्या दिवसाची आठवणसुद्धा राहायची नाही.

मला त्रेसष्ट पूर्ण झाली. साखर आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं सांगितलंय. ऑपरेशनच्या आठवड्यात मी यांना बसवलं होतं, तर सातव्या मिनिटापर्यंत गेले. वाडीत तेवढा वेळ पोस्टमननं एक पत्र टाकलं. प्रगती आहे.

मागच्या महिन्यात वाघमोडे आले होते. त्यांना आता पोळ्या तीन लागतात. फाइल उघडली आणि म्हणाले, "बाई, मापकात काहीतरी चूक वाटते. प्रेक्षक दोन दाखवतंय."

मी म्हटलं, "चूक नाही." रीवा आता धावते. बुधवारी ती खेळणी टाकून येते, पडद्याला नाक लावते, आणि भाग संपला की दोन्ही हात उलटे करून मला विचारते, "आज्जी, मग?" बुधवारचा तिचा प्रश्न तेवढाच. वाघमोड्यांनी तिच्यासाठी नवा नमुना भरला. सहीच्या जागी कुंकवाचं बोट लावून घेतलं.

तर माझं तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. वसा अवघड नाही. उपास नाही, सोवळं नाही, सवाष्ण जेवायला घालायची नाही. बुधवारी साडेसातला आपल्या घरी प्रज्ञा वाहिनी लावावी. रिमोट फळीवर ठेवावा. भाजी निवडायची असली तर निवडावी, त्याला दोष नाही. मात्र मान खाली गेली तरी मन वर असू द्यावं. जाहिरातीत उठू नये, न जाणो फोन आला तर. शास्त्र कळलं नाही तर नाही कळलं, मला तेरा वर्षांत अर्ध्याहून कमी कळलं. शेवटी आपल्या मनाशी एकदा म्हणावं, "मग पुढं काय झालं असेल बाई?" आणि मग खुशाल पानं घ्यावीत.

मी केलं तसं तुम्हीही करा. मी सोडलं तसं नका सोडू. दहा वर्षांनी, कोजागिरीनंतरच्या बुधवारी, मी असले-नसले तरी आपल्यापैकी कुणीतरी एक जण बघत असू द्या.